चारशे सेहेचाळीस भागाकार

मित्रांनो, मी आकडेमोड करणारी एक जुनी मशीन आहे. हाताने फिरवायची, लोखंडाची, विजेशिवाय चालणारी. माझा रंग कधीकाळी हिरवट होता. आता तो कुठला आहे हे मलाही सांगता येणार नाही. म्हाताऱ्या वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा शांत आवाजात सांगतात, असं तुम्ही ऐकलं असेल. मला ते जमणार नाही. मी अजून रागावलेली आहे, आणि तो राग समजून घेतल्याशिवाय माझी गोष्ट तुम्हाला कळायची नाही.

माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही, कारण माझ्या पाठीवरची नावाची पट्टी फार लवकर पडून गेली. मला आठवते ती अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यातली तपासणीची खोली. तिथे मी सोळा वर्षं काम केलं. माझ्या छातीवर खिट्ट्यांची एक रांग आहे, तिच्यावर आकडा मांडायचा. उजवीकडे हँडल आहे. ते पुढे फिरवलं की बेरीज होते, मागे फिरवलं की वजाबाकी. खाली सरकणारा गाडा आहे आणि त्यावर बारीक खिडक्या, त्यांत उत्तर उमटतं. भागाकार म्हणजे तरी काय, पुन्हा पुन्हा केलेली वजाबाकी. वजा करता करता एक फेरी जास्त झाली की माझ्या पोटातली घंटी वाजते. मग ती फेरी परत करायची, गाडा एक घर सरकवायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. कुठल्या पिंपात किती आम्ल, कुठल्या नमुन्यात किती रंग, यांच्या सरासऱ्या काढता काढता माझे दात झिजले. साहेब लोक म्हणत, हिच्याशिवाय आपलं पान हलत नाही.

मग एक्क्याऐंशी साली तळहाताएवढे, बॅटरीवर चालणारे कॅल्क्युलेटर आले. मला कपाटाच्या डोक्यावर ठेवलं, फुटक्या काचनळ्यांच्या शेजारी. सोळा वर्षांच्या कामानंतर कोणी एक शब्द बोललं नाही. त्या खोलीत बाटल्या धुणारे जयदेव अहिरे नावाचे गृहस्थ होते. तेच मला दर शनिवारी पुसत असत. ते साहेबांना म्हणाले, "साहेब, ही टाकून देणार असाल तर मी नेऊ का? माझी मुलगी गणितात बरी आहे." साहेबांनी हातानेच 'ने' म्हणून खूण केली. जयदेवांनी मला गोणपाटात गुंडाळलं आणि बदलापूरला कात्रपमधल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी आणलं. त्या काळी कात्रपला चाळी थोड्या आणि भाताची खाचरं जास्त होती.

त्यांची मुलगी अंजनी तेव्हा चौदा वर्षांची होती. तिने पहिल्याच दिवशी मला सात वेळा गुणाकार करायला लावला आणि प्रत्येक उत्तर कागदावर पडताळून पाहिलं. मला तो अपमान वाटला होता. पुढे मला कळलं की तिचा स्वभावच तसा. ती स्वतःवरसुद्धा विश्वास ठेवत नसे, आधी पडताळत असे.

बारावीत तिला गणितात उत्तम गुण मिळाले. पण धाकट्या दोन भावांची शाळा चालू होती, म्हणून ती अंबरनाथला विजेची बटणं जोडायच्या कारखान्यात कामाला लागली. शाळेत शिकवायची तिची इच्छा होती. त्याबद्दल ती कधी बोलत नसे. घरी आली की मला पुढ्यात ओढून एखादा आकडा घेऊन बसत असे.

शहाऐंशीच्या मार्च महिन्यात अंबरनाथच्या वाचनालयाच्या दारावर एक कागद लागला. एक गणित मंडळ होतं, त्याचं नाव मी सांगत नाही. त्यांनी सर्वांसाठी एक प्रश्न ठेवला होता. एक कोटीपेक्षा लहान असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या शोधा, आणि ती मूळ आहे हे दाखवा. जो हे करील त्याला मंडळाच्या रविवारच्या वर्गात शिकवायला मिळणार होतं. अंजनीने तो कागद तिथेच उभं राहून उतरवून घेतला.

मूळ संख्या म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. एक आणि ती स्वतः, यांच्याशिवाय जिला कशानेही भाग जात नाही ती. आता एक कोटीच्या मागून येऊ लागा. सम संख्या सोडून द्या, त्यांना दोनाने भाग जातो. उरल्या विषम. ९९,९९,९९९ ला नवाने भाग जातो. ९९,९९,९९७ म्हणजे सात गुणिले १४,२८,५७१. ९९,९९,९९५ ला पाचाने भाग जातो. ९९,९९,९९३ च्या अंकांची बेरीज सत्तावन्न, म्हणून तीनाने भाग जातो. त्यानंतर येते ९९,९९,९९१. नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे एक्क्याण्णव. इथे अंजनी थांबली. हिला कशानेच भाग जाईना.

पण 'जाईना' म्हणजे 'जात नाही' नव्हे, आणि ते दाखवायचं होतं. अंजनीने वडिलांना समजावून सांगितलं, तेव्हा मी ऐकत होते.

"बाबा, एखाद्या संख्येचे दोन भाग पडत असतील तर दोन्ही मोठे असू शकत नाहीत. ३१६३ ला ३१६३ ने गुणलं तर एक कोटी चार हजारांच्या वर जातं. म्हणजे दोनांपैकी एक तरी भाग ३१६२ च्या आत पाहिजे. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं, आणि एकीनेही भाग गेला नाही, तर संपलं. ही मूळ."

"अशा किती आहेत?" जयदेवांनी विचारलं.

"मी चाळून काढल्या. चारशे सेहेचाळीस."

जयदेव उठले. त्यांनी शिवणयंत्राच्या तेलाची बाटली आणली आणि माझ्या सगळ्या भोकांत एकेक थेंब सोडला.

कामाला सुट्टी रविवारची. सकाळी जेवण उरकलं की अंजनी मला उंबऱ्यापाशी उजेडात ठेवी. तिची आई द्रौपदीबाई पहिल्या दिवशी वैतागली होती. "ह्या आकड्यानं काय चूल पेटनार हाय का?" असं ती म्हणाली. पण अंजनीला हँडलही फिरवायचं आणि लिहायचंही, यात वेळ जातोय हे पाहून तीच पदर खोचून माझ्यासमोर बसली. तिला लिहिता येत नव्हतं, पण घंटी ऐकता येत होती. घंटी वाजली की ती एक फेरी परत करायची आणि गाडा सरकवायची. आठ दिवसांत तिचा हात असा बसला की सोळा वर्षांत माझ्यावर इतका चांगला हात कोणी फिरवला नव्हता.

सातने भागलं, बाकी एक. अकराने भागलं, बाकी एक. तेराने, एक.

"परत एकच उरला? तुझी मशीन अडकलीया," द्रौपदीबाई म्हणाली.

"नाही आई. हिच्या अगोदरची संख्या बघ, ९९,९९,९९०. तिला सातानं जातो, अकरानं जातो, तेरानं जातो, सदतिसानंसुद्धा जातो. म्हणून हिच्यात सगळ्यांना एकेक जास्त होतो."

"म्हंजी शेजारीण सगळ्यांची, आन् ही कुनाचीच न्हाई."

"तसंच," अंजनी म्हणाली. सदतीस आल्यावर पुन्हा एकच उरला, तेव्हा द्रौपदीबाई मान डोलावून हसली.

आता मला माझी चूक सांगायची आहे. मी दुसऱ्यांवर रागावते, तेव्हा ती लपवून ठेवणं बरं नाही. तिसऱ्या रविवारी अठ्ठ्याऐंशीवी मूळ संख्या आली, ४५७. द्रौपदीबाई फिरवत गेली, घंटी वाजत गेली, आणि शेवटी बाकी दाखवणाऱ्या माझ्या सगळ्या खिडक्यांत शून्य उमटलं. भागाकार २१,६६३, बाकी शून्य. म्हणजे भाग गेला. म्हणजे ही संख्या मूळ नव्हती.

अंजनीने पेन्सिल खाली ठेवली. दारात जाऊन उकिडवी बसली आणि खाचरांकडे बघत राहिली. द्रौपदीबाईने हँडलवरून हात काढून घेतला, जणू तिच्याच हातून काही सांडलं होतं.

जयदेव म्हणाले, "गुणून बघितलंस का?"

"शून्य आलं बाबा. अजून काय बघायचं?"

"तू तर सगळंच बघतेस."

तिने कागद घेतला. ४५७ गुणिले २१,६६३. उत्तर आलं ९८,९९,९९१. तिने पुन्हा केलं. पुन्हा अठ्ठ्याण्णव. एक लाख कमी.

मित्रांनो, दोष माझा होता. मोठा आकडा मांडताना माझं लाखाच्या घरातलं चाक नवावर जायच्याऐवजी आठावर अडकलं होतं. खिडकीची काच धुरकट, म्हणून त्या दोघींना ते दिसलं नाही. मला जीभ असती तर मी तेव्हाच सांगितलं असतं.

जयदेव मला उल्हासनगरला जेठानंद नावाच्या कारागिराकडे घेऊन गेले. तो शिवणयंत्रं आणि टाइपरायटर दुरुस्त करत असे. त्याने माझं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि अंजनीला म्हणाला, "बेटी, मशीन बूढी नाही झाली. एक स्प्रिंग थकलाय फक्त. शिवणमशीनचा घालतो. दहा साल चालेल." त्याने धुरकट काचही बदलून दिली आणि विचारलं, "करते काय हिच्यावर?" अंजनीने सांगितलं. त्याने दोन्ही हात कानाला लावले आणि तिला चहा पाजला.

घरी आल्यावर अंजनी म्हणाली, "आई, पुन्हा दोनापासून."

"आन् झालेले सत्त्याऐंशी?"

"मशीन कधीपासून चुकत होती कुणाला ठाऊक?"

द्रौपदीबाईने कपाळाला हात लावला आणि मग तोच हात हँडलवर ठेवला. या खेपेस ४५७ ला बाकी आली तीनशे चौऱ्याहत्तर. त्या दिवसापासून प्रत्येक भागाकार अंजनीने कागदावर उलटा गुणून पाहिला. जुलैच्या शेवटच्या रविवारी शेवटची मूळ संख्या आली, ३१३७. भागाकार ३,१८७, बाकी २,३७२. वही संपली आणि काम संपलं. चारशे सेहेचाळीस भागाकार, चारशे सेहेचाळीस बाक्या, आणि एकही शून्य नाही. द्रौपदीबाईने जुन्या लुगड्याचा काठ फाडून वहीला आडवा-उभा बांधला आणि वर आपली गाठ मारली. मोळी बांधतात तशी, दुहेरी, मध्ये पीळ दिलेली. सुटायची नाही अशी. अंजनीने पुठ्ठ्यावर उत्तर लिहिलं आणि वही मंडळाकडे नेऊन दिली.

निकाल ऑक्टोबरात होता, अंबरनाथच्या एका सभागृहात. मशीनही आणा, असं कोणी सांगितलं नव्हतं, पण जयदेव मला घेऊन गेले. मी टेबलाच्या कोपऱ्यावर होते, म्हणून हे मी स्वतः पाहिलं आहे.

परीक्षक होते श्यामकांत देवस्थळी सर. पांढरा सदरा, चष्मा, सगळे त्यांना वाकून नमस्कार करत होते. त्यांनी पहिलं बक्षीस दुसऱ्या एका तरुणाला दिलं. त्याचं उत्तर होतं ९९,९९,९७३. त्याने ते एका पुस्तकातून उतरवलं होतं आणि तसं लिहिलंही होतं.

कार्यक्रम संपल्यावर अंजनी सरांसमोर उभी राहिली. "सर, माझं उत्तर का चुकलं?"

"पुस्तकात ९९,९९,९७३ आहे."

"ती मूळ असेलही सर. पण माझी संख्या तिच्यापेक्षा अठराने मोठी आहे."

"मोठी असून काय उपयोग? मूळ असायला पाहिजे."

"मग तिला कशाने भाग जातो तेवढं सांगा."

सरांनी चष्मा काढून पुसला. "कशाने तरी जातच असेल. त्याशिवाय पुस्तकात आली नसती का?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे या यंत्रावर केलंस? की कुणी करून दिलं?"

"मी आणि आईने केलं."

"वडील काय करतात?"

"रंगाच्या कारखान्यात बाटल्या धुतात."

"आडनाव काय म्हणालीस?"

"अहिरे."

"राहायला?"

"कात्रपला. बुद्धविहाराच्या मागे."

सर "हं" म्हणाले. मित्रांनो, तो 'हं' मी आजवर विसरलेली नाही. नंतर ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "हे बघ मुली, हँडल फिरवणं ही मेहनत झाली. मेहनत तुम्हा लोकांना जमते, नाही असं नाही. गणित वेगळं असतं."

जयदेवांनी मला उचललं. अंजनीने दार धरलं आणि आम्ही बाहेर पडलो. मी एका संख्येवर चार महिने दात झिजवले होते, आणि ज्याने एकही भागाकार केला नाही त्याने ती खोटी ठरवली होती. आडनाव विचारून कधी बाकी निघते का? माझ्या खिडक्यांत आजवर कोणाचं आडनाव उमटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर अंजनी विहाराकडे गेली. विहाराबाहेर सूचना लिहायचा काळा फळा होता. तिने विहाराच्या अध्यक्षांची परवानगी घेतली आणि खडूने लिहिलं: '९९,९९,९९१. हिला भाग जाणारी संख्या दाखवा.' खाली आपलं पूर्ण नाव घातलं.

लोक थांबून वाचू लागले. कोणी कॅल्क्युलेटर आणला, कोणी पोरांच्या पाटीवर भागाकार मांडला. पोस्टातल्या एका कारकुनाने महिनाभर रोज एक संख्या आणून दिली आणि रोज बाकी घेऊन परत गेला. फळा वर्षभर तसाच राहिला. पावसाने पुसला की अंजनी पुन्हा लिही. भाग जाणारी संख्या कोणी आणली नाही, कारण ती नव्हतीच.

सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात मंडळाची नवी पुस्तिका निघाली. तिच्यात छापलं होतं, एक कोटीच्या आतली सर्वांत मोठी मूळ संख्या ९९,९९,९९१. आणि खाली, 'परीक्षक श्री. श्यामकांत देवस्थळी यांनी पडताळून सुधारलेले उत्तर.' कुठल्याशा कॉलेजातल्या मोठ्या तक्त्यात सरांना ते सापडलं होतं. अंजनीचं नाव कुठेच नव्हतं. जयदेवांनी पुस्तिका तीन वेळा वाचली, शेवटचं कोरं पानसुद्धा उलटून पाहिलं.

त्या वर्षीच्या सभेला मी नव्हते. जे झालं ते जयदेवांनी घरी येऊन धाकट्या मुलांना सांगितलं, आणि त्यांना शब्द वाढवायची सवय नाही. मंडळाचे अध्यक्ष देवस्थळी सरांचं कौतुक करत होते, तेव्हा अंजनी जागेवरून उठली.

"सर, हे पडताळलं कुणी?"

"मी," सर म्हणाले.

"मग ३१३७ ने भागल्यावर बाकी किती उरली?"

सरांनी पुस्तिकेची पानं उलटली.

"दोन हजार तीनशे बहात्तर. १००९ ला?" ती थांबली. "आठशे एक. २००३ ला? एक हजार पंधरा. कुठलीही विचारा सर. मला सगळ्या पाठ आहेत, कारण प्रत्येक मी कागदावर उलटी गुणून पडताळलीय."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, खाली बसा. कार्यक्रम पुढे न्यायचाय."

तेव्हा द्रौपदीबाई उठली. तिने कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं. "तिनं का बसायचं? हँडल मी फिरवलंय. ह्यास्नी इचारा, त्यांनी किती फेऱ्या फिरवल्या."

मग कोणीतरी हार-तुऱ्यांचा विषय काढला आणि कार्यक्रम पुढे गेला. तिघं उठून बाहेर आली.

पुढच्या रविवारी दुपारी आमच्या दारात श्यामकांत सर उभे होते. एकटे, घामाघूम, हातात एक पुडकं. जयदेवांनी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं. सरांनी पुडकं उघडून वही जमिनीवर ठेवली. अंजनीची वही. लुगड्याचा काठ आडवा-उभा बांधलेला.

द्रौपदीबाईने ती हातात घेतली आणि उलटसुलट केली. "ही गाठ माझी हाय," ती म्हणाली. "ही सोडलीच न्हाई कुनी."

सर खाली बघत म्हणाले, "नाही. मी वही उघडली नव्हती."

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण त्या क्षणी माझं अंग तापलं. चार महिन्यांचे रविवार, पुन्हा काढलेले सत्त्याऐंशी भागाकार, त्या बाईच्या मनगटाला आलेली सूज, हे सगळं सव्वा वर्ष एका गाठीखाली बंद होतं. आणि त्यांनी ते न वाचता चूक म्हटलं होतं. चुकीचं वाचलं असतं तर मी एक वेळ समजून घेतलं असतं.

अंजनीने गाठीवरून बोट फिरवलं. ती ओरडेल असं मला वाटलं, पण ती ओरडली नाही. तिने मला सरांसमोर सरकवलं.

"मला माफी मागायची आहे," सर म्हणाले.

"ती नंतर. आधी पडताळा. छापलंय ना तुम्ही, पडताळलं म्हणून."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग हँडलकडे. "कुठून सुरुवात करू?"

"दोनापासून."

सर अकरा रविवार आले. पहिल्या दिवशी त्यांना घंटी वाजल्यावर काय करायचं हे कळेना, तेव्हा द्रौपदीबाईने त्यांना शिकवलं. "आता एक फेरी मागं. आता गाडा सरकवा. न्हाई, उजवीकडं न्हाई." चौथ्या रविवारपासून त्यांनी मनगटाला फडकं बांधलं. ४५७ आली तेव्हा अंजनी म्हणाली, "सर, लाखाचं घर बघून घ्या," आणि का ते सांगितलं. सरांनी वाकून लाखाची खिडकी पाहिली. "म्हणजे तू स्वतःच्या बाजूचं यंत्रसुद्धा तपासलंस," ते म्हणाले. अंजनीने पुढची संख्या सांगितली.

शेवटी ३१३७ आली. बाकी २,३७२. सरांनी आपली वही अंजनीच्या वहीशेजारी ठेवली आणि दोन्हींतले आकडे बोटाने जुळवले. एकही वेगळा नव्हता.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले.

"हे इथे नका सांगू सर. इथे सगळ्यांना माहीत आहे. तिथे सांगा."

त्यांनी सांगितलं. अठ्ठ्याऐंशीच्या सभेत, माइकवर, सगळ्यांसमोर. मी तिथे टेबलावर होते. हे उत्तर अंजनी जयदेव अहिरे आणि द्रौपदी जयदेव अहिरे यांचं आहे, मी वही न उघडता ते चूक ठरवलं, आणि मी तिला नको ते बोललो, असं ते म्हणाले. काय बोललो तेही त्यांनी शब्दाला शब्द सांगितलं. एकही वाक्य गाळलं नाही. त्या दिवशी त्यांनी परीक्षकपद सोडलं. मी त्यांना पुरती माफ केलेली नाही. एक खरी गोष्ट खरी म्हणायला दोन वर्षं लागली, आणि तीसुद्धा एका बाईने भर सभेत उभं राहून विचारलं म्हणून. पण मनगटाला फडकं बांधून बसलेला तो माणूसही मला आठवतो, हे मी लपवत नाही.

मंडळाने अंजनीला रविवारचा वर्ग देऊ केला. ती म्हणाली, "माझा वर्ग आहे." आणि खरंच होता. फळ्यापाशी थांबणाऱ्या लोकांतून विहारात तो आपोआप उभा राहिला होता. तिथे शाळेची मुलं येत, कारखान्यातल्या बायका येत, पोस्टातला तो कारकूनही येई. तिथे एकच नियम होता. कोणाचंही उत्तर चूक म्हणायचं असेल, तर आधी स्वतः करून दाखवायचं. पुढे तिने नोकरी करत करत पदवी घेतली आणि त्र्याण्णव साली ती बदलापूरच्या एका शाळेत गणिताची शिक्षिका झाली. रविवारचा वर्ग मात्र तिने सोडला नाही.

आता शहाण्णव साल आहे. मागच्या महिन्यात वर्गातल्या एकाने ऑफिसातल्या संगणकावर ती संख्या तपासून आणली. पापणी लवायच्या आत उत्तर आलं म्हणे, मूळ आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही. मी गेली चार वर्षं विहाराच्या खिडकीत बसून आहे. माझ्या गाड्यावर फुलांच्या कुंड्या ठेवतात आणि त्यांचं पाणी माझ्या दातांत झिरपतं. माझा उपयोग संपला असेल तर तसं सांगा. पण सांगायच्या आधी एकदा फिरवून बघा. वस्तूंना आणि माणसांना न उघडता मोडीत काढायची ही सवय वाईट आहे, आणि तिने फार नुकसान होतं.

गेल्या रविवारी मात्र एक गोष्ट घडली. बनूबाई म्हणून भाजी विकणाऱ्या एक बाई आहेत. पन्नाशीत त्या वर्गात येऊन आकडे शिकल्या. संगणकाचं कौतुक ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "एक कोटीचं झालं. दहा कोटीच्या आतली सगळ्यात मोठी कुठली?"

अंजनी म्हणाली, "मला वाटतं ९,९९,९९,९८९. पण माझ्या वाटण्याला काय अर्थ आहे? दहा हजारांच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल."

"संगनकाला इचारू?" कोणीतरी म्हणालं.

"तो सांगंल की," बनूबाई म्हणाल्या. "पन मला माझ्या हातानं बघायचंय." त्यांनी कुंड्या खाली उतरवल्या, पदराने माझ्या खिडक्या पुसल्या आणि हँडल धरलं. ते अर्धं फिरलं आणि अडकलं.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी शिवणयंत्राचं तेल असेल तर चार थेंब घेऊन या. लाखाच्या घरात जरा जास्त घाला. बाराशे एकोणतीस भागाकार करायचे आहेत.